जबाब आणि आख्यान : डेल्गमूक खटल्यातील दोन निर्णयपत्रांचे परीक्षण

न्यायालयाच्या निर्णयपत्राकडे वाङ्मयाचा अभ्यासक सहसा वळत नाही. ते विधिज्ञांचे क्षेत्र, असे समजून तो स्वस्थ राहतो. परंतु काही खटले असे असतात की, त्यांत न्यायाधीशापुढे आलेला मुख्य प्रश्न वस्तुतः संहितेचा आणि तिच्या अर्थनिर्णयाचा असतो. पुढे आलेली रचना आख्यान आहे की इतिहास, ती गाइली जाते म्हणून दस्तऐवज ठरण्यास अपात्र होते काय, ती सांगणारा केवळ वाहक की साक्षीदार, हे ठरविल्यावाचून अशा खटल्यात एक पाऊलही पुढे टाकता येत नाही. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या गिट्‌क्सन व वेट्‌सुवेटेन या दोन आदिवासी समाजांच्या प्रमुखांनी १९८४ साली दाखल केलेला डेल्गमूक खटला या जातीचा आहे. त्यात ८ मार्च १९९१ रोजी न्यायमूर्ती ॲलन मॅकइचर्न यांनी दिलेला निर्णय आणि ११ डिसेंबर १९९७ रोजी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने दिलेला निर्णय ही एकाच सामग्रीची दोन परस्परविरुद्ध वाचने होत. दुसऱ्या निर्णयाची कीर्ती मोठी आहे, आणि ती बव्हंशी योग्यही आहे. तथापि त्या कीर्तीमुळे एक गोष्ट झाकली जाते. आदिवासींच्या हक्कांचा कैवार घेणाऱ्या वकिलीलाही भाषांतर करावे लागते, आणि त्या भाषांतरात काय गळते याचा हिशेब दोन्ही निर्णयांत पुरता मांडलेला नाही. भारतीय वनहक्क कायद्याने वृद्धांच्या तोंडी कथनाला पुराव्याचे स्थान दिले असल्यामुळे हा हिशेब महाराष्ट्रातील अभ्यासकालाही चुकविता येण्याजोगा नाही.

प्रथम सामग्रीचे स्वरूप पाहू. गिट्‌क्सन ही त्सिमशियन कुलातील भाषा, तर वेट्‌सुवेटेन अथपस्कन कुलातील. दोन्ही भाषांचा परस्परांशी जन्यजनक किंवा भगिनीसंबंध नाही. तरीही शेजारामुळे दोन्ही समाजांच्या संस्था एकमेकींसारख्या घडल्या आहेत. प्रत्येक समाज अनेक घराण्यांत विभागलेला असतो, व प्रत्येक घराण्याचा विशिष्ट भूप्रदेश असतो. त्या प्रदेशाशी घराण्याचे नाते कसे जडले हे सांगणाऱ्या परंपरागत कथनाला गिट्‌क्सन भाषेत ‘अदावक’ म्हणतात. वेट्‌सुवेटेन भाषेतील ‘कुंगख’ हे गीत, नृत्य अथवा प्रयोग यांच्या रूपाने समाजाला भूमीशी बांधते. अदावक कोणीही, कोठेही सांगावयाचा नसतो. घराण्याचे नाव नव्या प्रमुखाकडे जाते तेव्हा, इतर घराण्यांच्या प्रमुखांना पाचारण करून भरविलेल्या भोजनसभेत त्याचे कथन होते. पाहुण्यांना देणग्या दिल्या जातात, आणि देणगी स्वीकारणारा पाहुणा ऐकलेल्या गोष्टीचा साक्षी म्हणून बांधला जातो. कथनात चूक झाली तर ती तेथेच दाखविणे हे त्याचे कर्तव्य असते. म्हणजे या संस्थेत कथन, हस्तांतर, नोंदणी आणि तपासणी ही चारही कार्ये एकाच प्रसंगी होतात. ‘डेल्गमूक’ हेही व्यक्तीचे जन्मनाव नव्हे. ते असे धारण करावयाचे नाव आहे, आणि खटला चालू असतानाच ते एकाहून अधिक व्यक्तींनी धारण केले. खटल्याच्या शीर्षकातच हा पुरावा उभा होता, असे म्हणता येईल.

या संस्थेवर कॅनडाच्या कायद्याने १८८५ पासून १९५१ पर्यंत बंदी घातली होती, ही गोष्ट खटल्याचे परीक्षण करताना विसरता येत नाही. १९२७ ते १९५१ या काळात तर आदिवासींच्या जमिनीच्या दाव्यासाठी शासनाच्या परवानगीवाचून पैसा गोळा करणे हाही अपराध होता. ज्या सभेत पुरावा तयार होतो व तपासला जातो ती सभा सहासष्ट वर्षे बेकायदा ठरवावयाची, आणि नंतर त्याच राज्याच्या न्यायासनाने पुराव्याची अखंडता मागावयाची, हा विरोध मॅकइचर्न यांच्या दीर्घ निर्णयपत्रात विचाराचा केंद्रबिंदू होत नाही.

दावा सुमारे ५८,००० चौरस किलोमीटर प्रदेशासाठी होता. त्याचे १३३ भाग पाडून ते ७१ घराण्यांच्या नावे मांडले होते. सुनावणी मे १९८७ मध्ये सुरू झाली व ३७४ दिवस चालली. एकसष्ट साक्षीदारांची प्रत्यक्ष साक्ष झाली. अनेकांना दुभाषी लागले, आणि लघुलेखकांना आदिवासी नावांचे व शब्दांचे वर्ण सांगण्यासाठी स्वतंत्र सहायक नेमावे लागले. या वर्ण सांगणाऱ्यांचा उल्लेख न्यायमूर्ती एक प्रशासकीय तपशील म्हणून करतात. भाषाशास्त्राच्या दृष्टीने मात्र सगळ्या खटल्याचे सार त्या उल्लेखात आहे : ज्या भाषेचा एकही शब्द न्यायालयाच्या लेखकाला स्वतःहून लिहिता येत नव्हता, त्या भाषेतील वाङ्मयाच्या सत्यासत्यतेचा निवाडा तेथे व्हावयाचा होता.

दावेदारांच्या वकिलांनी येथे एक धाडसी निर्णय घेतला. मानवशास्त्रज्ञांना पुढे करून आदिवासींना त्यांच्या अभ्यासाचा विषय म्हणून मागे ठेवण्याची सोपी वाट त्यांनी टाळली. प्रमुखांनाच आपल्या समाजाचे पहिले तज्ज्ञ म्हणून साक्षीच्या पिंजऱ्यात उभे केले. विद्यापीठीय तज्ज्ञ नंतर आले. या क्रमात एक सिद्धान्त आहे, आणि तो वकिलीच्या इतिहासात नोंदण्याजोगा आहे. परंतु पिंजरा म्हणजे भोजनसभा नव्हे. भोजनसभेत बोलणाऱ्याला कोणी प्रश्न विचारीत नाही. श्रोते जाणते असतात, आणि त्यांचे मौन ही संमती असते. पिंजऱ्यात बोलणे हे प्रश्नाचे उत्तर असते, श्रोता अजाण असणे हा तेथील गुण मानला जातो, आणि मौन साक्षीदाराविरुद्ध जाते. मेरी जॉन्सन या वृद्ध गिट्‌क्सन प्रमुख आपल्या अदावकातील शोकगीत गाऊ लागल्या, तेव्हा न्यायमूर्तींनी हरकत घेतली. आपला कान पत्र्याचा आहे, गाऊन काही उपयोग व्हावयाचा नाही, अशा आशयाचे त्यांचे उद्गार खटल्याच्या वृत्तान्तात नमूद आहेत. ते पुढे कुप्रसिद्ध झाले. उद्गारात उपहासापेक्षा प्रांजळपणाच अधिक असावा. गीताचे शब्द लिहून दिले की पुरावा पोचला, ही न्यायमूर्तींची समजूत होती. आणि शब्दांपुरतीच संहिता मानणारा कोणताही पाठसंपादक त्यांच्याहून फारसा निराळा वागला नसता.

याच ठिकाणी मराठी अभ्यासकाने न्यायमूर्तींवर एकदम तुटून पडण्यापूर्वी थोडे थबकावे. बखरींचा पुरावा म्हणून असलेला अधिकार राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेच्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेत ज्या आवेशाने मोडून काढला, तो आवेश अस्सल कागदावरील निष्ठेतून आला होता. मराठी इतिहाससंशोधनाची सगळी शिस्त त्या निष्ठेवर उभी आहे. स्थळकाळाचा घोळ, अद्भुताचे मिश्रण, घराण्याचा अभिमान, पाठांतील भेद, हे बखरींवरील आक्षेप आणि अदावकांवरील मॅकइचर्न यांचे आक्षेप शेजारी ठेवले तर त्यांतील साम्य चकित करणारे आहे. कागदाची पूजा ही केवळ वसाहतवाल्या न्यायाधीशाची खोड नव्हे. ती आधुनिक विद्येची प्रकृती आहे.

मात्र राजवाडे कागदाच्या बाजूने बोलत होते तेव्हा दोन्ही पक्षांचे कागद उपलब्ध होते. ब्रिटिश कोलंबियात कागद एकाच पक्षाचे होते. मॅकइचर्न यांनी वसाहतीच्या अधिकाऱ्यांचे लेख विश्वसनीय मानले, आणि अदावक व कुंगख यांना स्वतंत्र वजन नाकारले. ते अक्षरशः खरे नाहीत, श्रद्धा आणि वस्तुस्थिती यांची त्यांत सरमिसळ आहे, आणि विशिष्ट भूभागाविषयी त्यांत पुरेसा तपशील नाही, ही त्यांची कारणे. संपर्कपूर्व काळातील जीवनाचे वर्णन करताना तर त्यांनी सतराव्या शतकातील इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्ज याच्या निसर्गावस्थेच्या सुप्रसिद्ध विशेषणांचा आश्रय केला. पुराव्यात अद्भुत मिसळले म्हणून तो टाकणारा वाचक स्वतः मात्र एका कल्पित अवस्थेचे वर्णन वस्तुस्थितीच्या जागी ठेवतो, ही विसंगती निर्णयपत्राच्या शैलीतील सर्वांत मोठा दोष होय.

प्रमुखांनी आपापल्या प्रदेशांच्या सीमांविषयी दिलेल्या प्रतिज्ञालेखांची कथा याहून बोधप्रद आहे. इंग्रजी विधीत ऐकीव पुरावा सामान्यतः अग्राह्य. पण जुन्या सीमा व सार्वजनिक हक्क यांच्याबाबत लोकप्रसिद्धीचा पुरावा अपवाद म्हणून चालतो. न्यायमूर्तींनी हा अपवादही लागू केला नाही. प्रसिद्धी दावेदारांच्या समाजापुरतीच आहे, तिच्या बाहेर नाही. शिवाय जमिनीच्या प्रश्नावर त्या समाजात कित्येक वर्षे चर्चा चालू असल्यामुळे ती निःपक्षपाती राहिलेली नाही, असे त्यांचे म्हणणे. अन्यायाविषयी बोलत राहिलेल्या समाजाची स्मृती त्या बोलण्यामुळेच दूषित ठरते, असा याचा अर्थ होतो. गप्प बसला असता तर हक्क सोडला म्हटले गेले असते.

१९९३ साली प्रांतिक अपील न्यायालयाने या भागात विशेष बदल केला नाही. सर्वोच्च न्यायालयात मात्र मुख्य न्यायमूर्ती आंतोन्यो लामेर यांनी हा युक्तिवाद मुळापासून उलगडला. अदावकांतील जे दोष म्हणून दाखविले गेले ते एखाद्या विशिष्ट अदावकाचे दोष नसून मौखिक परंपरेचे सामान्य धर्म आहेत. ते अपात्रतेचे कारण मानले तर कोणत्याही आदिवासी समाजाचा मौखिक इतिहास कधीच वजनदार ठरणार नाही, असे त्यांनी दाखविले. प्रतिज्ञालेखांच्या बाबतीतही, जमिनीविषयीची चर्चा हे अविश्वासाचे कारण करणे विपरीत आहे असे त्यांचे मत पडले. मौखिक इतिहासाला ऐतिहासिक दस्तऐवजांच्या बरोबरीचे स्थान द्यावे, हे या निर्णयाचे सूत्र. वाङ्मयीन दृष्टीने यातील मर्म असे की, लामेर यांनी रचनेची पारख तिच्या प्रकाराच्या नियमांनी करावी, हे तत्त्व न्यायासनावर नेले. समीक्षेच्या वर्गात जे पहिल्या वर्षी शिकविले जाते ते तेथे पोचण्यास एवढा काळ लागला.

एवढे श्रेय दिल्यानंतर दोन शंका मांडल्या पाहिजेत. पहिली ‘बरोबरी’ या कल्पनेविषयी. दस्तऐवजाच्या बरोबरीला बसविणे म्हणजे दस्तऐवज हेच माप कायम ठेवणे. अदावक हा दस्तऐवजासारखा नाहीच. तो दस्तऐवज, नोंदणीचा कारकून आणि तपासनीस यांची एकत्र संस्था आहे. निर्णयाने त्या संस्थेतील संहिता उचलली, आणि तिला वैधता देणारी सभा बाहेर राहिली. २००१ सालच्या मिचेल खटल्यात त्याच न्यायालयाने, मौखिक पुराव्याचे मोल कमी लेखू नये, पण त्याला पेलेल त्याहून अधिक भारही त्याच्यावर टाकू नये, असा इशारा दिला. सभेपासून तुटलेल्या संहितेविषयी असा संशय पुन्हा उत्पन्न होणे स्वाभाविकच होते.

दुसरी शंका वकिलीविषयी आहे, आणि तीच अधिक महत्त्वाची. प्रारंभी दावा घराणेवार होता व त्याची भाषा स्वामित्व आणि अधिकारक्षेत्र यांची होती. अपिलात ती भाषा बदलून आदिवासी स्वत्वाधिकार व स्वशासन अशी झाली, आणि घराण्यांचे निरनिराळे दावे एकत्र करून दोन समाजांचे दोन सामूहिक दावे केले गेले. तत्कालीन विधिविचाराच्या दृष्टीने हा बदल अपरिहार्य होता, कारण आदिवासी स्वत्वाधिकार समाजाचा असतो, घराण्याचा नव्हे, अशी न्यायालयांची धारणा होती. पण अदावक घराण्याचा असतो. त्याची सगळी साक्ष ‘हा डोंगर या घराण्याचा’ अशी आहे. ‘हा सारा मुलूख या राष्ट्राचा’ असे तो कोठेही म्हणत नाही. पक्षकाराच्या हिताकरिताच केलेल्या या भाषांतराने पुराव्याचा कर्ता बदलला. आणि याच बदलामुळे प्रतिपक्षाची अडचण झाली असे ठरवून सर्वोच्च न्यायालयाने अंतिम निवाडा न देता नव्याने सुनावणी व्हावी असा आदेश दिला. ती सुनावणी पुढे झाली नाही. तेरा वर्षांच्या झगड्यानंतर दावेदारांच्या हाती सिद्धान्त आला, भूमी आली नाही. या निष्पत्तीचे खापर केवळ पत्र्याच्या कानावर फोडता येत नाही.

पुढील त्सिल्कोटिन खटल्यात न्यायमूर्ती डेव्हिड व्हिकर्स यांनी ३३९ दिवस सुनावणी केली. तिचा काही भाग त्या लोकांच्या मुलखात जाऊन घेतला, आणि वृद्धाने कथा सांगण्यापूर्वी ती त्याला कोणाकडून, कशी मिळाली हे त्याच्याकडून ऐकून घेण्याची पद्धत ठेवली. कथेच्या आधी कथेची परंपरा ऐकणे म्हणजे सभेचा काही अंश तरी न्यायालयात आणणे होय. २००७ साली व्हिकर्स यांचा निर्णय आला, आणि २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने सुमारे १,७५० चौरस किलोमीटर प्रदेशावर त्या समाजाचा स्वत्वाधिकार घोषित केला. कॅनडात असे प्रथमच घडले. ऐकण्याची पद्धत बदलली तेव्हा कोठे सिद्धान्ताला जमीन मिळाली.

आता भारताकडे वळावे. ‘साक्षी’ या शब्दाची व्युत्पत्ती पाणिनीने प्रत्यक्ष पाहणारा अशी दिली आहे. १८७२ च्या पुरावा कायद्याचे साठावे कलम तेच सांगत होते : पाहिलेल्या गोष्टीची साक्ष पाहणाऱ्याने द्यावी. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली. तत्त्व तेच राहिले. मराठीत ‘ऐकीव’ हा शब्द अविश्वासाचा, आणि ज्या परंपरेने ‘श्रुती’ला सर्वोच्च प्रामाण्य दिले तिचीच मराठी ही वारसदार, हा गमतीचा भाग सोडून देऊ. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली केलेल्या २००८ च्या नियमांनी मात्र या बाबतीत मोठी मोकळीक घेतली आहे. तेराव्या नियमात पुराव्यांची जी यादी आहे तीत शासकीय अभिलेखांबरोबर घरे, विहिरी, दफनभूमी, पवित्र स्थाने येतात, आणि दावेदाराहून अन्य अशा वृद्धांचे लेखनिविष्ट कथनही येते. २०१२ च्या दुरुस्तीने, विशिष्ट प्रकारच्या कागदोपत्री पुराव्याचा आग्रह उपविभागीय व जिल्हास्तरीय समित्यांनी धरू नये, असेही स्पष्ट केले. अक्षरार्थाने पाहता हा नियम डेल्गमूक निर्णयाहून उदार आहे, कारण येथे वृद्धाला पिंजऱ्यात उभे राहावे लागत नाही. पुरावा प्रथम ग्रामसभेपुढे येतो, आणि ग्रामसभा हे भोजनसभेशी पुष्कळ साम्य असलेले स्थान आहे : तेथील श्रोते जाणते असतात.

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंडी भाषकांच्या गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले. हे यश गावाने आपली सभा जिवंत ठेवली होती त्याचे आहे. जुन्या मध्यप्रांताच्या मुलखातील निस्तारपत्रकेही अशा दाव्यांना उपयोगी पडतात. परंतु जेथे कागद नाही तेथे वृद्धाच्या कथनावर सगळी भिस्त; आणि जमातीबाहेरच्या पारंपरिक वननिवाशाला तर १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या पंचाहत्तर वर्षांचा, म्हणजे १९३० पर्यंतचा वास दाखवावा लागतो. इतक्या मागचे प्रत्यक्ष पाहिलेले सांगणारा माणूस क्वचितच हयात असणार. तेव्हा तो जे सांगतो ते बहुधा ऐकलेलेच असते. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळले गेलेल्यांना वनांतून हटविण्याविषयी आदेश दिला, तेव्हा अशा फेटाळलेल्या दाव्यांची संख्या दहा लाखांहून अधिक असल्याचे पुढे आले. २८ फेब्रुवारीस आदेश स्थगित झाला व राज्यांना फेटाळणीची रीत सांगण्यास फर्मावले गेले. लाखो कुटुंबांचे राहणे न राहणे कथन कसे टिपले गेले यावर लटकत होते, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

या टिपण्याचे कार्यालयीन मराठीतील रूढ नाव ‘जबाब’. हा शब्द अरबी. मूळ अर्थ उत्तर. नाव रूढ झाले की रचना त्याच्या मागे जाते. वृद्धाचे कथन जबाब झाले की ते कोणा अधिकाऱ्याच्या, बहुधा न लिहिलेल्या, प्रश्नांचे उत्तर होते : किती वर्षांपासून, कोणता गट, चतुःसीमा काय. कुळाने येथे वस्ती केव्हा केली, देव कोणत्या झाडाखाली बसविला, कोणत्या ओढ्यापलीकडे दुसऱ्या गावाची शिकार सुरू होते, या गोष्टी गोंडी, वारली वा भिली कथनात ज्या क्रमाने व ज्या नात्याने येतात तो क्रम हाच सीमेचा पुरावा असतो. उत्तरांत तो विस्कटतो. क्रियापदांचेही तेच. परंपरेने कळलेले आणि स्वतः पाहिलेले यांत बोलणारा जो भेद करतो तो प्रमाण मराठीच्या कार्यालयीन भूतकाळात सपाट होऊन जातो, आणि मग वाचणारी समिती म्हणते की हा माणूस न पाहिलेले पाहिल्यासारखे सांगतो.

यावर उपाय परदेशातून आणावयास नको. सतराव्या शतकातील महाराष्ट्रात वतनाचे तंटे गोतसभेपुढे येत. सभेने जे ऐकले व ठरविले ते महजरात उतरे, आणि त्यावर हजर असलेल्यांची नावे व निशाण्या पडत : पाटलाचा नांगर, सुताराचे किंकरे. वि. त्र्यं. गुणे यांच्या १९५३ सालच्या मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवरील ग्रंथात अशा पद्धतीचा अभ्यास आहे. ‘महजर’ या शब्दाच्या मुळाशीच उपस्थिती आहे. सांगणारा कोण, एवढ्यावर हा कागद थांबत नाही. ऐकणारे कोण होते हेही तो सांगतो. गोतसभा जातिश्रेणीने बांधलेली होती, तिला आदर्श मानण्याचे कारण नाही. तिच्या कागदाची घडण मात्र जबाबाहून शहाणी आहे.

वनहक्क नियमांना जोडलेले अ, ब आणि क हे दाव्यांचे नमुने या दृष्टीने वाचून पाहावेत. दावेदाराचे नाव, गाव, तालुका, जिल्हा, क्षेत्र, पुराव्यांची यादी, असे रकाने त्यांत आहेत. कथन कोणत्या भाषेत झाले, ते कोणी उतरविले, दुभाषी कोण होता, आणि उतरविलेला मजकूर वृद्धाला त्याच्या भाषेत वाचून दाखविला काय, यांसाठी रकाना नाही.